‘सर्पविष पेप्टाइड’ सीरम: चेहऱ्याला ठीक, पांढऱ्या पेशींचं नाव नको

३० मिलीची काळ्या काचेची बाटली, वर पंप, खोक्यावर सोनेरी फणा. छापील किंमत १,२९९ रुपये, बेळगावात गणपत गल्लीत घासाघीस केल्यावर ८५० ला मिळाली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असल्या बाटल्या सध्या ढिगानं निघाल्यात आणि आतला माल जवळपास एकच. घेतली माझ्या भाचीनं. तिचं लग्न ठरलंय, पोरगा निपाणीचा, आणि लग्न ठरलेल्या पोरीच्या पिशवीतून हल्ली काय निघेल याचा नेम नाही. दुकानातली मुलगी आधी कन्नडमधून म्हणाली, ‘छलो ऐत्री अक्का, तगोळ्री’, मग मराठीतून, मग हिंदीतून. तीन भाषांत कौतुक ऐकल्यावर बाटली परत शेल्फवर कोण ठेवतंय?

मी खानापुरात एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासते. म्हणून बाटलीच्या आधी तिच्यातलं पत्रक माझ्याकडं आलं. ‘मावशी, हे वाच की गं जरा. पांढऱ्या पेशी जाग्या होतात म्हणं.’ पत्रकावर इंग्रजी, हिंदी आणि कसंतरी मराठी. मराठी ओळ अशी: ‘सर्पविषातील पेप्टाइड त्वचेतील श्वेत पेशींना जागृत करून रोगप्रतिकारशक्ती वाढवते व आतून तेज आणते.’ माझी आई शेजारी शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, ‘नागपंचमीला दूध घालायचं आणि बाकीचे दिवस त्याचं विष तोंडाला फासायचं, चांगलं आहे तुमचं.’

पत्रकाकडं नंतर येते. आधी क्रीम म्हणून कसं आहे ते सांगते, कारण ज्यांना तेवढंच हवंय त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

पातळ जेल आहे, पाण्यासारखं नाही आणि कोरफडीच्या गराइतकं बुळबुळीतही नाही. दोन दाबांत चेहरा आणि मान होते. गुलाबाचा वास आहे, जरा जास्तच. मुरतं लवकर. पौष-माघात बेळगावचा कोरडा वारा सुटतो, गाल खरखरीत होतात, ओठांच्या कडा उलतात, त्या दिवसांत रात्री लावलं तर सकाळी चेहरा मऊ लागतो. पावसाळ्यात मात्र खानापुरात हे लावू नये. आमच्याकडं जुलैत भिंतींनाही घाम सुटतो, त्यात हे वरून चिकट बसतं. भाचीला पुटकुळ्या आल्या नाहीत, मला कानशिलाजवळ थोडी खाज सुटली, ती वासाच्या द्रव्यामुळं असावी. सुरकुत्यांचं म्हणाल तर भाचीला त्या नाहीतच, आणि माझ्या डोळ्यांच्या कडेच्या रेषा होत्या तिथंच आहेत.

मऊपणा येतो तो कशामुळं, हे खोक्याच्या मागं बारीक अक्षरांत लिहिलेलं आहे. पाणी, ग्लिसरीन, नायसिनामाइड, सोडियम हायलुरोनेट. ही चार नावं पहिल्या ओळीत. ग्लिसरीन आणि हायलुरोनेट पाणी धरून ठेवतात, नायसिनामाइड म्हणजे ब जीवनसत्त्वाचाच एक प्रकार, तो कातडीला चांगला. हे सगळं औषधांच्या दुकानात साध्या ट्यूबमध्ये पाव किमतीला मिळतं. ज्या सापासाठी आपण पैसे मोजले तो बसलाय पार खाली, फिनॉक्सीइथेनॉलच्याही मागं. फिनॉक्सीइथेनॉल हे माल टिकवायचं रसायन, ते साधारण एक टक्क्यापर्यंतच घालतात. यादी जास्तीकडून कमीकडं लिहायची असते, आणि एक टक्क्याच्या आतले घटक मग कुठल्याही क्रमानं लिहिले तरी चालतात. म्हणजे सापाचा वाटा एक टक्क्याच्या आतबाहेर, बहुधा आतच.

आणि त्याला साप म्हणायचं तेही जपून. यादीतलं नाव आहे डायपेप्टाइड डायअमिनोब्युटिरॉइल बेन्झिलअमाइड डायअसिटेट. हा रेणू कारखान्यात बनतो. त्याच्या मागची कल्पना सापाची आहे, एवढं खरं. मलेशियातल्या पेनांगच्या सर्पमंदिरात झाडांवर हिरवे-पिवळे साप निवांत पडलेले असतात, ते वॅगलरचे चापडे. त्यांच्या विषात वॅगलरिन नावाचं पेप्टाइड असतं, २२ अमिनो आम्लांची छोटी साखळी. मज्जातंतूकडून स्नायूकडं निरोप जातो तो असिटिलकोलीन या द्रव्यातून, आणि ते झेलणारी जागा स्नायूवर असते. वॅगलरिन तीच जागा अडवून बसतं. निरोप पोचत नाही, स्नायू आखडत नाही. त्याची नक्कल करणारा छोटा रेणू चेहऱ्यावर लावला तर कपाळाचे स्नायू सैल पडतील आणि आठ्या कमी दिसतील, असा हिशोब.

आपल्याकडच्या नागाचं आणि मण्यारीचं विष याच सांध्यावर घाव घालतं. नाग चावलेल्या माणसाच्या पापण्या जड होऊन खाली येतात, बोलणं जड होतं, गिळता येत नाही, मग श्वासाचे स्नायू थकतात. मण्यारीचं तर अंगावर सूजही नसते, रात्री जमिनीवर झोपलेलं माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतं आणि डोळे उघडत नाहीत. क्रीमवाल्यांनी या मोठ्या भयंकर गोष्टीतला चिमूटभर भाग उचललाय. ती चिमूट वरून लावल्यावर कातडी ओलांडून खालच्या स्नायूपर्यंत किती पोचते, हा वेगळा प्रश्न. पण मान्य करू, पोचते. तरी हा सगळा व्यवहार नस आणि स्नायू यांच्यातला. यात पांढरी पेशी आली कुठून?

इथं मला राग येतो. सुरकुतीबद्दल कोणी थाप मारली तर मी हसून सोडून देईन. पांढऱ्या पेशी हा माझा रोजचा धंदा आहे.

आमच्याकडं सापाचे पेशंट येतात ते दोन हंगामांत. रोप लावणीला बाया पोटरीभर चिखलात असतात तेव्हा, आणि सुगी झाल्यावर गवताच्या गंजीत हात घालून पेंढ्या ओढतात तेव्हा. घोणस चावली असेल, कन्नड पेशंट तिला कोळकमंडल म्हणतात, तर सरकारी दवाखान्यात खाटेजवळच पहिली तपासणी होते. स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी आडवी करायची. रक्त घट्ट राहिलं तर ठीक, वाहिलं तर गोठण्याची ताकद गेलेली. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही, आणि साबणाच्या पावडरीनं धुतलेलीही नको, नाहीतर उत्तर फसवं येतं. एवढी साधी तपासणी, पण तिच्यावर माणसाचा जीव ठरतो.

नंतर जांभळ्या टोपणाची नळी आमच्याकडं येते. मशीन आकडा देतं, पण मी पट्टीही करते. काचपट्टीवर रक्ताचा थेंब, दुसऱ्या पट्टीच्या कडेनं तो एका झटक्यात पुढं ओढायचा, वाळला की लीशमनचा रंग, धुवायचं, वाळवायचं, तेलाचा थेंब टाकून शंभराच्या भिंगाखाली. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. घोणस चावलेल्याच्या रक्तात १५ हजार, २० हजार दिसले तर आम्ही दचकत नाही. त्यातल्या बहुतेक न्यूट्रोफिल, केंद्रक तीन-चार पाळ्यांचं, जांभळट. मध्येच पाळ्या न पडलेल्या, वाकड्या पट्टीसारख्या केंद्रकाच्या कोवळ्या पेशी दिसतात. हाडातल्या मगजानं वाट न बघता त्या बाहेर पाठवलेल्या असतात. काहींच्या पोटात गडद दाणे. आणि प्लेटलेट शोधाव्या लागतात, इतक्या कमी.

असं का होतं? विषातली विकरं स्नायू आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती फोडतात. फुटलेल्या पेशींतला माल बाहेर सांडतो, तोच धोक्याची घंटा. इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ असे निरोप्ये सुटतात, मगज पेशी सोडायला लागतो. त्यात माणूस घाबरलेला असतो, ॲड्रेनलीन उसळलेलं असतं, त्यानं वाहिन्यांच्या भिंतीला टेकून बसलेल्या पेशीही प्रवाहात येतात. म्हणजे पत्रकवाल्याची भाषा वापरायची तर सापाच्या विषानं पांढऱ्या पेशी जाग्या होतात, अगदी खडबडून होतात. फक्त तेव्हा माणसाच्या पायावरची कातडी ताणून चकचकीत झालेली असते, पाण्याचे फोड आलेले असतात आणि त्याच्या तोंडावर तेज नसतं.

बरं, या जाग्या झालेल्या पेशी तिथं जाऊन काय करतात? यावरचं एक फार चांगलं काम आपल्याच कर्नाटकातलं आहे आणि बेळगावात ते कुणाला माहीत नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. २०१६ साली म्हैसूर आणि तुमकूर विद्यापीठांतल्या संशोधकांनी फुरशाच्या विषावरचा अभ्यास ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये छापला. फुरसं म्हणजे हातभरापेक्षा फारसं मोठं नाही, अंग अंगाला घासून करकर आवाज काढतं. ते चावलं की विष उतरवणारं औषध देऊनही चावल्या जागेचं मांस सडत जातं, बोटं जातात, कधी पाय जातो. का, ते नीट उमगत नव्हतं.

न्यूट्रोफिल पेशीकडं एक शेवटचं हत्यार असतं. जंतूंना गिळून भागलं नाही तर ती स्वतःचं केंद्रक उसवून आतला डीएनए दोऱ्यांसारखा बाहेर फेकते. त्या दोऱ्यांना जंतू मारणारी विकरं चिकटलेली असतात. त्याला जाळं असंच म्हणतात. जंतू त्यात अडकतात, पेशी बहुधा मरते. जंतूंपुरतं हे उत्तम. फुरशाचं विष आत आलं की न्यूट्रोफिल तेच करतात, धडाधड जाळी टाकतात. जाळ्यांनी बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. विष त्याच जागी अडकून पडतं. पुढं सरकत नाही, पण जिथं आहे तिथलं मांस खात बसतं, आणि रक्तपुरवठा तुंबल्यामुळं त्या मांसाला दादही मिळत नाही. डीएनएचे दोरे कापणारं विकर, डीएनएझ, फुरशाच्या विषात जवळपास नसतंच, म्हणून जाळी टिकून राहतात.

हे त्यांनी उंदरांच्या शेपटीवर दाखवलं. शेपटीत विष टोचलं की शेपूट सडायची. विषाबरोबर डीएनएझ दिलं तर शेपूट वाचायची. विष आधी आणि डीएनएझ मागाहून दिलं तरी वाचायची. आणि भाचीला मी जे दोनदा वाचून दाखवलं ते हे: ज्या उंदरांच्या न्यूट्रोफिल पेशी आधीच कमी करून टाकल्या होत्या, त्यांच्यात जाळीही झाली नाहीत, विषही साठून राहिलं नाही आणि शेपटीही सडल्या नाहीत. पांढऱ्या पेशी ज्यांच्याकडं नव्हत्या त्यांचं मांस वाचलं. माणसांवरचा उपचार म्हणून हे अजून आलेलं नाही, उंदराची शेपूट आणि आपल्या शेतकऱ्याचा पाय यात अंतर आहे. पण ‘श्वेत पेशी जागृत’ छापणाऱ्यानं एवढं तरी वाचायला हवं होतं.

भाची म्हणाली, ‘म्हणजे विष पांढऱ्या पेशींना भडकवतं, एवढंच ना?’ एवढंच असतं तर सोपं होतं. विष म्हणजे एक पदार्थ नव्हे, डझनावारी प्रथिनं आणि पेप्टाइडं यांची मिसळ, आणि त्यातली काही बरोबर उलटं करतात. पांढरी पेशी रक्तातून वाहत असते. जखमेच्या जागी उतरायचं तर तिला आधी वाहिनीच्या भिंतीला धरावं लागतं, चालत्या बसमधून उतरणारा माणूस दांडी धरतो तसं. हे धरायचे हात म्हणजे इंटिग्रिन. फुरशाच्याच विषात ईसी-३ नावाचं एक छोटं प्रथिन आहे, डिसइंटिग्रिन या कुळातलं, ते पांढऱ्या पेशीच्या अल्फा-४ नावाच्या हातालाच जाऊन चिकटतं. मग पेशीला धरता येत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या खुळखुळ्या सापाच्या विषात क्रोटॉक्सिन आहे. प्रयोगशाळेत ते मॅक्रोफेजवर घातलं, मॅक्रोफेज म्हणजे शरीरातल्या सफाई कामगार पेशी, तर त्यांचं पसरणं आणि गिळणं मंदावलं. पट्टेरी मण्यारीच्या विषात ३० अमिनो आम्लांचं एक कॅथेलिसिडिन सापडलंय, २००८ साली, ते थेट जंतूंना मारतं. त्याच जातीची पेप्टाइडं आपल्याही न्यूट्रोफिलच्या दाण्यांत असतात, सापानं काही परग्रहावरून आणलेलं नाही.

तेव्हा कुठलं पेप्टाइड, कुठल्या सापाचं, कुठल्या पेशीवर, किती मात्रेत आणि कुठल्या वाटेनं, हे सांगितल्याशिवाय ‘सर्पविष पेप्टाइड पांढऱ्या पेशींना अमुक करतं’ या वाक्याला अर्थच नाही. आणि या बाटलीतला रेणू यातल्या कुठल्याच कुळातला नाही, हे वर सांगितलंच.

मी विषाच्या औषधांविरुद्ध आहे असं कुणी समजू नये. माझे वडील रक्तदाबाची जी गोळी घेतात, रॅमिप्रिल, तिचं घराणं ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषातल्या पेप्टाइडांपासून सुरू झालं. सर्जिओ फरेरा यांनी १९६५ च्या सुमाराला त्या पेप्टाइडांचा गुण दाखवला, त्यांच्यावरून कॅप्टोप्रिल बनलं, १९८१ साली अमेरिकेत मान्य झालं, आणि मग एनालाप्रिल, रॅमिप्रिल अशी भावंडं आली. हार्ट ॲटॅकमध्ये रक्ताची गुठळी वाढू नये म्हणून शिरेतून टिरोफिबान देतात, ते फुरशाच्या विषातल्या एकिस्टॅटिनकडं बघून बेतलेलं. एकिस्टॅटिन प्लेटलेटचा हात अडवतं, ईसी-३ पांढऱ्या पेशीचा. पांढऱ्या पेशीचा तोच अल्फा-४ हात अडवणारं, पण सापापासून नव्हे तर प्रतिपिंडापासून बनवलेलं औषध आजही मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे स्वतःच्याच पेशी मेंदूतल्या नसांवर उठतात त्या आजारात, वापरतात. त्यानं मेंदूत चढणाऱ्या पेशी थांबतात आणि आजार आटोक्यात राहतो, पण पहारा उठला म्हणून क्वचित मेंदूत विषाणूचा जीवघेणा संसर्गही होतो. डॉक्टर त्या पेशंटवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतात. पांढऱ्या पेशींशी खेळायचं म्हणजे असं असतं. शृंगाराच्या टेबलावर बसून दोन दाब मारायचं हे काम नव्हे.

कायद्याचंही सांगते, कारण दुकानदारांना तेवढंच कळतं. जे अंगाला लावून स्वच्छ करतं, सजवतं, रूप बदलतं ते आपल्याकडं सौंदर्यप्रसाधन. शरीराच्या आतल्या कामात बदल करतो म्हटलं की ते औषध झालं, मग पुरावा आणि परवाना दोन्ही दाखवावे लागतात. ही बाटली सौंदर्यप्रसाधनाच्या परवान्यावर आहे आणि पत्रकात औषधाची भाषा बोलते. मी दुकानात जाऊन हे विचारलं तर मालक म्हणाले, ‘बाई, पत्रक कंपनीचं, आम्ही फक्त बाटली विकतोय.’ मग बाटली विकताना मुलगी पत्रकच वाचून दाखवत होती ते? त्यावर चहा मागवला.

खऱ्या विषाचं सांगायचं तर ते असं कुणाच्याही बाटलीत येऊ शकत नाही. तमिळनाडूत मामल्लपुरमजवळ इरुळा लोकांची सहकारी संस्था आहे, १९७८ पासूनची, परवान्यानं साप धरतात, विष काढतात आणि साप परत सोडतात. देशातल्या विषावरच्या औषधाचा मोठा आधार तोच. ते विष थोडं थोडं घोड्यांना टोचतात, घोड्याच्या रक्तात त्यावरची प्रतिपिंडं तयार होतात, तीच शुद्ध करून कुपीत भरतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चौघांवर एकच कुपी, १० मिलीची. १ मिलीनं नागाचं किंवा घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यारीचं किंवा फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी होतं. जांबोटी-चोर्ल्याच्या जंगलातल्या चापड्यांवर ही कुपी बनवलेली नाही, हे तिकडच्या लोकांनी लक्षात ठेवावं, तरी दवाखान्यात जायचंच. रक्तात फिरणारं विष ही कुपी पकडते. चावल्या जागी जे मांस एकदा बिघडलं, ज्या जाळ्यांत विष अडकलं, तिथवर तिचा हात फारसा पोचत नाही. म्हणून उशीर परवडत नाही. २०२४ पासून कर्नाटकात सर्पविषबाधेची नोंद सरकारला कळवणं दवाखान्यांना बंधनकारक आहे, निदान आकडे तरी खरे कळतील.

आता भाचीचा शेवटचा हट्ट, सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायचा. ‘मावशी, माझं सीबीसी कर. लावायच्या आधीचं एक, नंतरचं एक. कळेल की.’ केलं बाई. दोन्ही वेळा आकडा मर्यादेत, दुसऱ्या वेळी थोडा जास्त. ती टाळ्या वाजवायच्या बेतात होती. मी विचारलं, आज लॅबला कशी आलीस? जिना चढून, स्कूटर बंद पडली म्हणून अर्धा रस्ता चालत. झालं. चालून आल्यावर, जेवल्यावर, सकाळपेक्षा संध्याकाळी, सर्दीच्या आदल्या दिवशी, पांढऱ्या पेशींचा आकडा असाच वरखाली होतो. हजार-दीड हजाराचा फरक म्हणजे काही नाही. आणि समजा खरंच क्रीममुळं आकडा वाढत असता तर मी ते बाटलीसकट कचऱ्यात टाकलं असतं. लग्नाच्या तोंडावर कातडीतल्या पांढऱ्या पेशी जाग्या होणं याचा साधा मराठी अर्थ गाल लाल होणं, सुजणं, खाजणं आणि पू धरणं. हळदीच्या फोटोत ते दिसलं असतं.

‘मग ठेवू का फेकू?’ ठेव म्हटलं. ग्लिसरीन वाईट नाही.

मग कुणी घ्यावं? थंडीत ज्यांची कातडी फुटते आणि ज्यांना गुलाबाचा वास आवडतो त्यांनी, तेही ४०० च्या आत मिळालं तर. तेलकट चेहऱ्यांनी घेऊ नये. एक्झिमा असेल, किंवा वासाच्या क्रीमनं आधी कधी पुरळ उठलं असेल, तर आधी कोपराच्या आत लावून दोन दिवस बघावं. गरोदर बायकांनी डॉक्टरांना बाटली दाखवूनच लावावं. प्रतिकारशक्तीसाठी कुणीही घेऊ नये. क्रीमला पाचपैकी अडीच, पत्रकाला भोपळा.

दुकानाबद्दल: माल ताजा होता, तारीख नीट, बिल पक्कं दिलं. उघडलेली बाटली परत घेत नाहीत, पण खोकं फोडण्याआधी आतलं पत्रक वाचायला मागितलं तर देतात, मी मुद्दाम विचारून आलेय. शनिवारी जाऊ नका, बाजाराच्या गर्दीत मुलींना बोलायला सवड नसते आणि भावही सोडत नाहीत. पंप मात्र भिकार आहे. बाटली पाव राहिली की नुसती हवा ओढतो, आतली नळी तळापर्यंत पोचत नाही. टोपण फिरवून काढा, बाटली वाटीत तिरकी उभी करा आणि उरलेलं चमच्याच्या मागच्या टोकानं घ्या, आठवडाभराचं निघतं.